घरातला उड्या कोळी : प्लेक्सिपस ओळखायचा कसा, सांभाळायचा कसा (पुणे परिसर)

टेकडीवाला | रविवार, सकाळी ९:१०

पाऊस सुरू झाला की "भिंतीवर हा कोण बसलाय" असे फोटो धडाधड येतात आणि दहातल्या सात-आठांना उत्तर एकच असतं. म्हणून सगळं एका धाग्यात लिहितो.

पुण्यातल्या घरांत, जिन्यात, पार्किंगच्या भिंतींवर मोठा उड्या कोळी दिसला तर आधी तीन नावं डोळ्यांसमोर आणा : प्लेक्सिपस, मेनेमेरस आणि हॅसॅरियस. बागेत यादी लांबते, घरात ती बहुधा इथेच संपते.

कुळ पक्कं करायचं ते डोळ्यांवरून. उड्या कोळ्याला आठ डोळे. चार समोर एका ओळीत, त्यातले मधले दोन गाडीच्या दिव्यांसारखे मोठे. तुम्ही हललात की तो वळून तुमच्याकडे बघतो. लांडगा कोळ्याचे चार बारीक डोळे खालच्या ओळीत आणि दोन मोठे त्यांच्या वर असतात, शिवाय तो असा वळून बघत बसत नाही.

आता प्रजाती. प्लेक्सिपस पेकुलीचा नर काळा. पुढच्या भागाच्या (शिरोवक्षाच्या) मधोमध रुंद पांढरा पट्टा थेट पुढच्या डोळ्यांपर्यंत येतो आणि मागे उदरावरही चालू राहतो. दोन्ही कडांना आणखी एकेक पांढरा पट्टा, आणि उदराच्या काळ्या पट्ट्यांवर शेवटाकडे पांढऱ्या ठिपक्यांची जोडी. मादी तपकिरी-करडी. तिचा मधला फिकट पट्टा उदराच्या मागच्या अर्ध्यात तुटून बाणाच्या टोकांसारख्या नक्षीत बदलतो आणि त्या नक्षीच्या बाजूला दोन पांढरे ठिपके असतात. लांबी दोघांचीही साधारण १० ते १२ मिमी, पाय सोडून.

मेनेमेरस बायव्हिटॅटस चपटा, केसाळ, राखाडी. भिंतीला चिकटून सरकतो. त्याच्या नराच्या पाठीवर मधला पट्टा गडद आणि बाजू फिकट, म्हणजे प्लेक्सिपसच्या बरोबर उलट. मादी फिकट, तिच्या कडेने काळी पट्टी फिरते आणि मागे जुळते. बहुतेक घोटाळा याच दोघांत होतो, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा : मधला पट्टा पांढरा की काळा?

हॅसॅरियस ॲडानसोनी लहान, ६ ते ८ मिमी. नर काळा, डोळ्यांभोवती लालसर मुखवटा, उदराच्या पुढच्या कडेला पांढरी चंद्रकोर. कुंड्या, बाथरूमची खिडकी, जिन्याखालचा अंधारा कोपरा या त्याच्या जागा.

---

गच्चीबाग | रविवार, सकाळी ११:४५

छान लिहिलंय. कोथरूडमध्ये स्वयंपाकघराच्या खिडकीत एक आहे, फोटो जोडतेय. तपकिरी, मधे फिकट पट्टा, ग्राफ पेपरवर ८ मिमी भरला. पेकुली म्हणायचा की प्लेक्सिपसचीच दुसरी प्रजाती पीटर्सी? दोन्ही भारतात आहेत असं वाचलंय.

---

टेकडीवाला | रविवार, दुपारी १२:३०

ताई, ग्राफ पेपर ठेवलात हे उत्तम. प्लेक्सिपस आहे यात शंका नाही, पण प्रजाती या फोटोवरून मी सांगणार नाही, आणि कोणी सांगितली तर मानू नका.

पिल्लं आणि अर्धवट वाढलेले कोळी, नर असोत वा मादी, सगळे मादीसारखेच तपकिरी दिसतात. प्रजाती ठरते ती जननांगांवरून, आणि ती शेवटची कात टाकल्यावरच पूर्ण तयार होतात. प्रौढ मादीच्या पोटाखाली, पुढच्या बाजूला, दोन फुप्फुसांच्या फिकट चकत्यांच्या मधोमध एक गडद कडक ठसा दिसतो, तो एपिगाइन. नराचं बघायचं तोंडाजवळच्या दोन आखूड पाल्पांवर. प्रौढ नरात त्यांची टोकं मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यासारखी फुगलेली असतात आणि भिंगातून त्यावर खाचा, नळी, आकडा (हुक) असं काहीबाही दिसतं.

तुमचा दुसरा फोटो मोठा करून बघा. पाल्पांची टोकं फुगीर आहेत पण गुळगुळीत, आत काही उमटलेलं नाही. हा नर आहे आणि त्याची एक कात बाकी आहे. दोन-तीन आठवडे सांभाळायची तयारी असेल तर उत्तर मिळेल. नसेल तर खिडकीतच राहू द्या आणि "प्लेक्सिपस, अप्रौढ" अशी नोंद करा. ती नोंद अपुरी नाही, अचूक आहे.

---

आठडोळे | रविवार, दुपारी ४:०५

सांभाळणार असाल तर डबीचं सांगतो, चुका तिथेच होतात.

पकडताना हात लावू नका. काचेचा ग्लास त्याच्या *समोर* धरा आणि मागून शून्य नंबरच्या मऊ ब्रशने हलकेच सरकवा. तो पुढेच उडी मारतो, म्हणजे ग्लासात. मग पोस्टकार्ड खाली सरकवा. वरून ग्लास दाबून ठेवायला गेलात तर पाय कडेखाली सापडतो.

डबी पारदर्शक, साधारण ७ सेंमी उंच आणि ५ सेंमी रुंद. गरम सुईने समोरासमोरच्या दोन बाजूंना आठ-दहा भोकं पाडा. एकाच बाजूला पाडली तर हवा खेळत नाही आणि पावसाळ्यात चार दिवसांत बुरशी येते. आत एक वाळकी काडी तिरकी ठेवा.

महत्त्वाचं : डबी उलटी ठेवा, झाकण खाली. उड्या कोळी घर विणतो ते सगळ्यात वरच्या कोपऱ्यात. झाकण वर असेल तर तो नेमका झाकणालाच रेशीम लावतो आणि दर वेळी उघडताना तुम्ही त्याचं घर फाडता. कात टाकायच्या बेतात असलेल्याचं घर दोनदा फाटलं तर तो उघड्यावरच कात टाकायला लागतो आणि पाय अडकून मरतो.

पाणी रोज, डबीच्या आतल्या भिंतीवर ब्रशने दोन बारीक थेंब, बस्स. ओला कापूस ठेवू नका, तो कुजतो. कोळ्याचे पाय सरळ होतात ते आतल्या द्रवाच्या दाबाने, पाय ताणणारे स्नायू मुख्य सांध्यांत नसतातच. त्यामुळे पाणी कमी पडलं की उदर सुरकुततं, पाय आत वळतात आणि उडी बंद. मार्च ते मे पुण्याच्या कोरड्या हवेत हे एका दिवसात होऊ शकतं. असा दिसला तर थेंब अगदी तोंडाशी ठेवा, पुष्कळदा तासाभरात सावरतो.

---

गच्चीबाग | रविवार, रात्री ८:२०

डबी तयार. खायला काय आणि किती? केळ्यावरची चिलटं चालतील?

---

केळंबरणी | रविवार, रात्री ९:५०

८ मिमीच्या कोळ्याला चिलटं म्हणजे चण्या-फुटाण्यांवर दिवस काढणं. चालतील, पण एका वेळी पाच-सहा लागतील. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा एकेक घरमाशी किंवा दिव्यावरचा छोटा पतंग द्या. भक्ष्य कोळ्याच्या अंगापेक्षा मोठं नको. उदर पुढच्या भागापेक्षा थोडं रुंद दिसलं की पुरे, टम्म फुगेपर्यंत भरवू नका. तशा कोळ्याचं उदर डबीत पडून फुटू शकतं.

चिलटं लागतात ती पिल्लांना. जॅमची स्वच्छ बरणी घ्या. अर्धं पिकलेलं केळं कुस्करून, त्यात ओट्सचं पीठ दोन चमचे (पाणी शोषायला), व्हिनेगर एक चमचा (बुरशी थोपवायला) आणि वरून यीस्टची चिमूट. चुरगळलेला कागद खोचा म्हणजे माश्यांना बसायला जागा होते. बरणी फळांच्या टोपलीजवळ अर्धा दिवस उघडी ठेवा, पंधरा-वीस चिलटं आत गेली की मलमलचं फडकं आणि रबर. २५ अंशांच्या आसपास दहा-बारा दिवसांत नवी पिढी बाहेर पडते.

एप्रिल-मेमध्ये बरणी बंद पडते त्याचं कारण वेगळं. ३० अंशांच्या वर चिलटांचे नर वांझ होतात. अंडी दिसतात पण अळ्या नाहीत. बरणी माठाशेजारी किंवा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. महिन्याच्या वर एक बरणी चालवू नका, बारीक किडे (माइट्स) पडतात आणि ते पुढच्या बरणीतही जातात.

डबीत माश्या सोडायच्या आधी बरणी फ्रिजमध्ये चार-पाच मिनिटं ठेवा, माश्या सुस्तावतात आणि हव्या तेवढ्या झटकून घेता येतात. फ्रीझरमध्ये नको, मरतात.

आणि दोन गोष्टी कधीच नको. मुंग्या, आणि फवारणी झालेल्या घरातले किडे.

---

आठडोळे | रविवार, रात्री १०:१५

@केळंबरणी, फवारणीला जोडून सांगतो : डासांचं लिक्विड मशीन लावलेल्या खोलीतही डबी नको. त्यातली पायरेथ्रॉइड औषधं कोळ्यांनाही लागतात. पाय थरथरायला लागले, चालताना एकमेकांत अडकायला लागले तर आधी हाच संशय घ्या आणि डबी मोकळ्या हवेत न्या.

---

पेठेतला | सोमवार, सकाळी ७:४०

एक व्यावहारिक प्रश्न. आमच्याकडे डेंगीच्या दिवसांत महापालिकेचे लोक कुंड्या तपासून जातात. हे कोळी डास खातात ना? मग घरात जास्त राहिले तर फायदा किती? डास खाणारी खास जातही आहे म्हणे.

---

टेकडीवाला | सोमवार, सकाळी ८:३०

खातात, यात वाद नाही. प्लेक्सिपस माश्या, डास, पतंग, झुरळाची लहान पिल्लं घेतो. तो नजरेने शिकार करतो म्हणून उजेड लागतो. दिवसा खिडकीत आणि संध्याकाळी ट्यूबलाइटच्या आसपास तो दिसतो त्याचं कारण हेच. डेंगीचा एडिस दिवसा चावतो, म्हणजे दोघांची वेळ जुळते. क्यूलेक्स अंधारात फिरतो, तो बराचसा सुटतो.

पण एक कोळी दिवसाला मोजकेच किडे खातो, आणि कूलरच्या टाकीत एका आठवड्यात शेकड्यांनी डास तयार होतात. कुंड्यांखालच्या ताटल्या आणि कूलर दर आठवड्याला रिकामे करायचेच. कोळी हा त्याला पर्याय नाही.

खास जात म्हणताय ती एव्हार्का क्युलिसिव्होरा. पूर्व आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरातली. रक्त पिऊन फुगलेले ॲनोफिलिस डास ती निवडून पकडते, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. ती आपल्याकडे नाही. भिंतीवरच्या मेनेमेरसला तिचं नाव लावून फॉरवर्ड फिरतात, ते खोडत चला.

---

पेठेतला | सोमवार, सकाळी ९:०५

धन्यवाद. आणि चावण्याचं? "कोळी फिरला" म्हणून अंगावर चट्टे उठतात त्याचं काय?

---

साबणपाणी | सोमवार, सकाळी १०:२०

यावर थोडं सविस्तर, कारण या एका गैरसमजापायी घरातले सगळे कोळी चपलेखाली जातात.

उड्या कोळ्याला विष असतं, पण ते माशीपुरतं. तो अंगावर आला तरी चावत नाही, चिमटीत दाबला तर क्वचित. तेव्हाही हलकी टोचणी, थोडी लाली, संपलं. नुसतं अंगावरून चालल्याने कोणत्याही कोळ्यामुळे चट्टा उठत नाही.

पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर, पापणीजवळ, कोपराच्या घडीत लालभडक लांबट पट्टा, वर बारीक फोड आणि भाजल्यासारखी आग, हे बहुतेक वेळा पेडेरस नावाच्या भुंग्याचं काम. ७ ते १० मिमी, केशरी-काळा, मुंगीसारखा दिसतो, रात्री दिव्यावर येतो. तो चावत नाही, त्याच्या शरीरातल्या द्रवात पेडेरिन असतं. आपण झोपेत तो चिरडतो आणि द्रव कातडीवर ओढला जातो, म्हणून चट्टा रेघेसारखा. कोपराच्या घडीत दोन्ही बाजूंना सारखाच डाग उठतो तोही त्यामुळेच. लक्षणं यायला बारा ते चोवीस तास लागतात. तोवर भुंगा नाहीसा झालेला असतो आणि भिंतीवर दिसतो बिचारा कोळी.

अंगावर भुंगा दिसला तर चिरडू नका, फुंकर मारा किंवा कागदावर घ्या. चिरडला गेलाच तर लगेच साबण आणि भरपूर पाणी. डोळ्याजवळ असेल तर डॉक्टरांकडे जा, घरगुती लेप नकोत.

---

गच्चीबाग | गुरुवार, दुपारी १:१५

तीन दिवस झाले, खात नाही. माशी डबीत फिरतेय तरी बघत नाही. वरच्या कोपऱ्यात दाट पांढरी पिशवी विणून आत बसलाय. आजारी आहे का?

---

आठडोळे | गुरुवार, दुपारी १:४०

माशी आत्ताच्या आत्ता बाहेर काढा! कातेला बसलाय. कात टाकताना अंग मऊ असतं आणि भुकेलेला किडा त्याला कुरतडू शकतो. रातकिड्याचं पिल्लू असेल तर नक्कीच.

आता काही करू नका. दोन ते सात दिवस लागतात, कधी थोडे जास्त. डबी हलवायची नाही, पिशवी फाडून बघायची नाही. पाण्याचा एक थेंब पिशवीपासून लांब, एक दिवसाआड. बाहेर आल्यावरही तीन-चार दिवस खायला देऊ नका, जबड्याच्या नख्या कडक व्हायला वेळ लागतो.

---

गच्चीबाग | गुरुवार, दुपारी २:००

काढली. रात्री आत डोकावताना लाल दिवा वापरला तर त्याला त्रास होणार नाही ना? मोबाइलच्या टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावलाय.

---

टेकडीवाला | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

नुसतं डोकावायला चालेल. पण लाल उजेडात खायला देऊ नका, आणि याचं कारण फार सुंदर आहे.

उड्या कोळ्याच्या मोठ्या डोळ्यांत पडद्याचे चार थर एकामागे एक असतात. त्यातले दोन हिरव्या उजेडाला जागतात. वस्तूची प्रतिमा एका थरावर स्पष्ट पडते तेव्हा दुसऱ्यावर ती धूसर असते, आणि किती धूसर यावरून कोळी अंतर मोजतो. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी हे आपल्या बाथरूमवाल्या हॅसॅरियस ॲडानसोनीवरच दाखवलं. हिरव्या उजेडात उडी अचूक, लाल उजेडात भक्ष्याच्या अलीकडेच पडते. म्हणजे लाल दिव्याखाली तो नेम चुकत राहील आणि तुम्हाला वाटेल अशक्त झालाय.

---

मॅक्रोमंडळी | शुक्रवार, रात्री ९:३०

बाहेर आल्यावर फोटो कसे लागतील ते आधीच सांगून ठेवतो, संधी एकदाच मिळते.

चार कोन : बरोबर वरून, बरोबर समोरून, बाजूने आणि पोटाखालून. पहिले तीन डबीच्या बाहेर, पांढऱ्या ताटात. ताटाची कड ओली केलीत तर तो कडेशी जरा थबकतो. कॅमेरा असेल तर एफ/११, १/२०० सेकंद, फ्लॅश आणि त्यापुढे ट्रेसिंग पेपरचा वाकवलेला पडदा. पडदा नसला की काळ्या नरावर पांढरा चट्टा पडतो आणि नेमका पांढरा पट्टा कुठवर आहे तेच कळत नाही. मोबाइलला क्लिप भिंग असेल तर खिडकीचा उजेड पुरे, फक्त कोपर टेबलावर टेका.

पोटाखालचा फोटो : छोट्या पारदर्शक झिप पिशवीत कोळी घ्या, वरून मऊ स्पंज *टेकवा*. दाबायचं नाही. तो थांबला की खालून फोटो. पंधरा सेकंदांत सोडा. नराच्या पाल्पाचा फोटो थेट खालून आणि बाहेरच्या बाजूने, असे दोन.

---

वाडा_चिरेबंदी | शनिवार, सकाळी ८:००

विषयाला धरूनच. दिवाळीची साफसफाई जवळ आली. पडद्याच्या पेल्मेटमागे आणि मीटरच्या पेटीत पांढऱ्या चपट्या गाद्या दिसतात. या प्लेक्सिपसच्या का? काढल्या तर जगतात?

---

टेकडीवाला | शनिवार, सकाळी ९:१५

चपटी, भिंगासारखी मधे फुगीर आणि वर मादी बसलेली असेल तर बहुधा हो. एका पिशवीत ३५ ते ६० अंडी. मादी पिल्लं पांगेपर्यंत राखण करते.

शक्य असेल तर तेवढी जागा सोडून झाडा, तीन-चार आठवड्यांत रिकामी होईल. हलवावीच लागली तर मादीला आधी ग्लासात घ्या. मग जुनं एटीएम कार्ड भिंतीला सपाट टेकवून गादी तळाच्या रेशमासकट एका दमात सोडवा. चिमट्याने ओढू नका, अंडी फुटतात. पुठ्ठ्याच्या खोक्यात दोघींना ठेवून खोकं गॅलरीत सावलीत, मुंग्या येणार नाहीत अशा उंचीवर अडकवा. मादी पुष्कळदा परत गादीवर जाऊन बसते. मीटरच्या पेटीला मात्र हात नको, ते वायरमनचं काम.

व्हॅक्यूमने ओढलेलं काही जगत नाही.

---

गच्चीबाग | मंगळवार, सकाळी ७:१०

बाहेर आला! ओळखू येत नाही इतका बदललाय. तपकिरी गेला, काळाभोर आणि त्यावर पांढरे पट्टे. कात पिशवीतच आहे, पायांच्या मोज्यांसकट. चारही कोन जोडलेत. पट्टा पुढच्या डोळ्यांपर्यंत आलाय, मग पेकुलीच ना?

---

टेकडीवाला | मंगळवार, सकाळी ८:२५

वा! कात जपून ठेवा, डोळ्यांच्या आठ काचा तिच्यावर स्पष्ट दिसतात.

रंगावरून पेकुलीच. पण पट्ट्यावर थांबू नका, कातेनंतर पहिल्या दिवशी केस विस्कटलेले असतात आणि घासले गेले तर पट्टा तुटक दिसतो. पाल्पाचा बाहेरच्या बाजूचा फोटो थोडा हलला आहे. बल्बचा (पाल्पाच्या टोकाच्या फुगीर भागाचा) आकार, त्यातून निघणारी नळी आणि मागच्या सांध्यावरचा आकडा, या तीन गोष्टी आकृत्यांशी ताडून बघायच्या आहेत. परवा, अंग कडक झाल्यावर, पुन्हा एक घ्या.

---

मॅक्रोमंडळी | मंगळवार, सकाळी ९:००

पाल्प बाजूने घेताना मागे काळा कागद ठेवा. पांढऱ्यावर बारीक केस दिसत नाहीत.

---

गच्चीबाग | गुरुवार, संध्याकाळी ५:४०

नवे फोटो टाकलेत.

---

आठडोळे | गुरुवार, संध्याकाळी ६:२०

नळी आणि आकडा दोन्ही स्वच्छ. तिन्ही गोष्टी पेकुलीच्या आकृतीशी जुळतात.

---

टेकडीवाला | गुरुवार, संध्याकाळी ७:०५

माझंही तेच मत. प्लेक्सिपस पेकुली, प्रौढ नर. नोंदीत "ऑदुआँ, १८२६" लिहा, म्हणजे पहिलं वर्णन करणाऱ्याचं नाव आणि वर्ष. वर्णन इजिप्तच्या नमुन्यांवरून झालं होतं, आफ्रिकेतून माणसाच्या सामानाबरोबर तो जगभर पसरला. प्लेक्सिपस हा गण (जवळच्या प्रजातींचा गट) कोख या अभ्यासकाने १८४६ मध्ये केला. ठिकाण, तारीख, "इमारतीच्या आत, खिडकी" आणि लांबी, हे चारही टाका. अप्रौढ असतानाचा पहिला फोटो आणि कातेचा फोटो त्याच नोंदीला जोडा. अप्रौढ ते प्रौढ अशी एकाच कोळ्याची जोडी फार कमी नोंदींत मिळते आणि पिल्लं ओळखायला तीच उपयोगी पडते.

---

पेठेतला | गुरुवार, रात्री ८:१५

ठाण्याच्या त्या कोळ्याला शहीद तुकाराम ओंबळ्यांचं नाव दिलं, तोही याच कुळातला का?

---

टेकडीवाला | गुरुवार, रात्री ८:३०

हो, आयसियस तुकारामी, २०२१. ठाणे-कल्याण परिसरातला उड्या कोळी. ती नवी प्रजातीही प्रौढांच्या जननांगांवरूनच वेगळी ठरली. वेताळ टेकडी, तळजाई, पाषाणच्या तळ्याकाठचं गवत अशा जागी फोटो घेताना पोटाखालचा कोन विसरू नका. तिथून कोळी घरी मात्र आणायचा नाही, संरक्षित जागेत पकडायलाही परवानगी लागते.

---

गच्चीबाग | गुरुवार, रात्री ९:००

याला आता सोडू का?

---

आठडोळे | गुरुवार, रात्री ९:१०

उद्या एक माशी द्या, परवा सकाळी सोडा. प्रौढ नर मादीच्या शोधात फिरतो, डबीत नुसता काचेवर चकरा मारत राहील. जिथे पकडला त्याच खिडकीत, ऊन येण्याआधी, पाल आसपास नाही बघून. डबी आडवी ठेवून झाकण काढा आणि बाजूला व्हा. ब्रशने ढकलू नका. आधी रेशमाचा दोर चिकटवेल, मग निघेल.